समेवरची आवक-जावक

सतार शिकणाऱ्या मुलीच्या बापाचं पुढे काय होतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी भार्गवीला कॅरम घेऊन दिला असता. कॅरमला पावडर लागते, बाप लागत नाही. पण सांगणारं कुणी भेटलं नाही. सल्ला देणारे मात्र पुष्कळ भेटले, आणि त्यांतल्या एकालाही सतारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या सगळ्यांचा अध्यक्ष मी.

भार्गवीच्या शाळेत एकदा पारीक मास्टरजी म्हणून सतार वाजवणारे गृहस्थ येऊन गेले. पोरगी घरी आली ती दप्तर न काढताच म्हणाली, "बाबा, मला ते शिकायचंय. मतलब, ते लांब असतं ना, खाली भोपळा असतो, ते." नऊ वर्षांची. जन्म जयपूरचा, त्यामुळे तिचं वाक्य मराठीत निघतं आणि हिंदीत उतरतं. मी म्हटलं, शीक. आमच्या घराण्यात थेट बार्शीपासून आजवर आरतीच्या घंटेशिवाय दुसरं वाद्य कुणी हातात धरलेलं नाही, आणि घंटाही आमचे काका वाजवायचे तेव्हा लोक आरती लवकर संपवायचे.

इथे स्वतःबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी कॉलेजात गेलो नाही. इंग्रजी, टायपिंग, विम्याचा कायदा, हे लिहिणंसुद्धा, सगळं आपलं आपण शिकलो. असा माणूस विमा कंपनीत अधिकारी झाला की त्याला एक रोग जडतो. आपल्याला जगातली कुठलीही गोष्ट एका रविवारात शिकता येते, आणि सोमवारपासून ती दुसऱ्याला शिकवता येते, असं त्याला मनापासून वाटायला लागतं. या रोगावर औषध नाही. घरच्यांनी सोसायचा असतो.

पारीक मास्टरजींचं घर ब्रह्मपुरीत, गल्लीतल्या गल्लीत, माडीवर. आम्ही तिघं गेलो. मास्टरजींनी भार्गवीची बोटं उलटीसुलटी करून पाहिली, तिला तिच्या मापाची लहान सतार दिली आणि मग आमच्याकडे वळले.

"देखिए साहब, हफ्ते में दो दिन बच्ची मेरी, बाकी दिन आपकी. घर का कोई बड़ा यहाँ भी साथ बैठे, घर पर रियाज़ में भी साथ बैठे. मंज़ूर हो तो सिखाऊँगा, वरना राम राम."

आता माझी बायको शालिनी लग्नाआधी चांगलं गाणं शिकलेली. कुकरची शिट्टी कुठल्या पट्टीत झाली हे ती आजही सांगते. तिने बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी मीच छाती पुढे काढून म्हणालो, "मैं बैठूँगा."

जिना उतरताना शालिनी म्हणाली, "मी बसले असते की."

"तुला स्वयंपाक असतो," मी म्हणालो.

हे वाक्य बोलताना आपण बायकोवर उपकार करतोय असा चेहरा करता येतो. बहुतेक सगळ्या नवऱ्यांना तो येतो. त्याला शिकवणी लागत नाही.

पहिल्या आठवड्यात आमचा प्रश्न सतार शिकण्याचा नव्हता, सतार नेण्याचा होता. मालवीय नगर ते ब्रह्मपुरी म्हणजे अख्खं जयपूर ओलांडायचं. स्कूटरवर मी पुढे, भार्गवी मागे, आमच्या मध्ये सतार, आणि तिची मान माझ्या हेल्मेटच्या वर टीव्हीच्या अँटेनासारखी. सांगानेरी गेटला हवालदाराने शिट्टी मारली.

"इसमें क्या है?"

"सितार."

"लंबा सामान टू-व्हीलर पर अलाऊ नहीं है."

मी त्याला मोटार विम्याची कलमं तोंडपाठ ऐकवली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "अंकलजी, बस से जाइए." अंकलजी! मी तेव्हा चाळिशीही ओलांडली नव्हती. पुढच्या वेळी बसने गेलो, तर कंडक्टर म्हणाला, सतारीचंही तिकीट काढा, तिने सीट अडवलीय. मी म्हणालो, ती वस्तू आहे. तो म्हणाला, "तो खड़ी कर दो." उभी केली. ब्रेक लागला तशी ती एका लग्नाला निघालेल्या बाईंच्या फेट्यावाल्या नवऱ्यावर पडली. फेटा सुटला. सुटलेला फेटा चालत्या बसमध्ये पुन्हा बांधायला किती माणसं लागतात, हे ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत. भार्गवी मात्र सगळा वेळ भोपळ्याला कवटाळून बसली होती. तिला ना हवालदाराचं काही, ना फेट्याचं. रात्री झोपतानासुद्धा ती सतारीच्या गवसणीवर हात ठेवून झोपायची. हे लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

आता मुद्द्याचं. मास्टरजींनी तिला तीनतालातली एक सोपी गत, म्हणजे सतारीवरची बांधलेली चाल, द्यायला घेतली, आणि त्याआधी ताल समजावला. "सोलह मात्रा. सोलह पूरी हुईं कि सम पर आना है. सम घर है. कहीं भी घूमो, घर लौटना है." मी हे शब्द न् शब्द टिपून घेतलं. ऑफिसच्या पॅडवर, वर तारीख टाकून.

घरी आल्यावर मी त्याचा अभ्यास केला. सोळा मात्रा झाल्या की समेवर यायचं, हे ठीक. पण सोळा मात्रांचं नवं आवर्तन सुरू कुठून होतं? तेही समेपासूनच. म्हणजे एकाच ठिकाणी दोन कामं. येणं आणि जाणं. आमच्या ऑफिसात अशा वेळी काय करतात? कागद आला की आवक नोंद, कागद गेला की जावक नोंद. दोन्ही शिक्के नसले तर कागद गहाळ समजतात. मला वाटलं, संगीतवाल्यांना एवढी साधी गोष्ट कशी सुचली नाही. मी ठरवलं, समेवर पोचल्याची एक टाळी आणि समेवरून निघाल्याची दुसरी टाळी. बिनचूक काम.

संध्याकाळी पोरीला समोर बसवलं आणि मी टाळ्या द्यायला लागलो. ती वाजवता वाजवता थांबली.

"बाबा, गुरुजींचं ना असं नाहीये. त्यांचं मतलब एकदाच येतं."

"मी तिथेच बसलो होतो ना? लिहून आणलंय मी. बघ."

तिने पॅड बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मग त्या जास्तीच्या टाळीवर तारेवर एक जास्तीचा आघात, सतारवाले ज्याला 'दा' म्हणतात तो, मारून ती पुढे गेली. स्वयंपाकघरातून शालिनी म्हणाली, "अहो, एक टाळी जास्त होतेय."

"ती आवक आहे."

"आणि मग?"

"मग जावक."

आत भांड्यावर झाकण आपटलं. ते बहुतेक तालात आपटलं असणार. मला कळायचं कारण नव्हतं.

चार-आठ दिवसांत भार्गवी माझ्या तालात अशी बसली, की मी खालच्या माथुरजींना मुद्दाम चहाला बोलावून ऐकवलं. माथुरजी आमचे घरमालक, जलदाय विभागातून, म्हणजे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त. जगातली प्रत्येक अडचण त्यांच्या मते प्रेशरची असते. मूल अभ्यास करत नाही, प्रेशर कमी. सून बोलत नाही, लाईन चोक. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "वाह. बीच में एक झटका आता है, पर अच्छा आता है." मी ही दाद समजलो.

एप्रिलच्या उन्हाळ्यात सतारीच्या खुंट्या करकरायला लागल्या. तारा लावताना असा आवाज, की खालून माथुरीणबाई विचारायच्या, दरवाजा कुरकुरतोय का. आता मराठी घरात करकरणाऱ्या वस्तूला काय लावतात? बिजागरीला लावतात, पाळण्याच्या कडीला लावतात, शिलाई मशीनला लावतात, आणि वेळ पडली तर टाळूलाही लावतात. मी खोबरेलाची बाटली आणली. एकेक खुंटी ओढून काढली, ओथंबून तेल लावलं, परत बसवली. करकर साफ बंद. मी शालिनीला हाक मारून ती शांतता ऐकवली.

सकाळी बघतो तर सगळ्या तारा वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबत होत्या. खुंटी पिळावी, तार चढावी, हात सोडावा, की खुंटी गरकन उलटी फिरून तार परत ढिली. मी पिळतोय, ती सुटतेय. मी चिडतोय, ती सुटतेय. माथुरजींनी वर येऊन पाहणी केली आणि निदान केलं, "लीकेज है." मग म्हणाले, बेसन भरा, तेल शोषून घेईल. मी भरलं. तेल आणि बेसन एकत्र आल्यावर जे व्हायचं ते झालं. खुंट्यांच्या भोकांत झुणका झाला. दुपारपर्यंत मुंग्या आल्या. माथुरीणबाईंनी मुलतानी माती सुचवली, कारण त्यांच्या चेहऱ्यावरचं तेल तिने गेलं होतं. मी तीही लावली. त्या दिवशी आमच्या सतारीचा चेहरा फार तजेलदार दिसत होता, वाजत तेवढी नव्हती.

संध्याकाळी शाळेतून आलेल्या भार्गवीने ते सगळं पाहिलं. ती रडली नाही. आईला म्हणाली, "आई, फडकं दे." दोघींनी मिळून एकेक खुंटी पुसली, भोकं पुसली, आणि मग पोरीने कंपासपेटीतून खडूचा तुकडा काढून खुंट्यांना घासला. खुंट्या जिथल्या तिथे थांबायला लागल्या.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"गुरुजी लावतात ना. रोज लावतात."

"मग मला आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही तर सीधा तेल आणलं."

त्यानंतर तारा कोण लावायचं? मी. म्हणजे खुंटी मी पिळायचो आणि आतून शालिनी पोळ्या लाटता लाटता ओरडायची, "अजून... अजून... उतरवा थोडं... हां." जगाला मी सांगायचो की मी सतार लावतो.

तालाने एव्हाना माझा ताबा घेतला होता. ऑफिसात फायलीवर, स्कूटरच्या हँडलवर, सलूनमध्ये खुर्चीच्या हातावर. एका बैठकीत आमचे शाखाधिकारी गंभीरपणे सांगत होते की यंदा आपली शाखा अख्ख्या विभागात शेवटची आली आहे. वाक्य संपलं आणि टेबलाखालून माझी सणसणीत टाळी. लगेच दुसरी.

"वसंतराव जी," साहेब म्हणाले, "दो-दो बार?"

आवक-जावक, असं मी त्यांना सांगू शकलो नाही. त्या महिन्यात माझी रजा नामंजूर झाली.

मग एका शिकवणीला ते घडलं. भार्गवी दिवसभराची शाळा करून आलेली, थकलेली, आणि गत वाजवता वाजवता तिच्या हातून समेवर दोनदा 'दा' आला. पुढच्या आवर्तनात परत आला. मास्टरजींनी हात वर केला.

"रुको, रुको. ये सत्रहवीं मात्रा कहाँ से लाई, बिटिया?"

भार्गवीने माझ्याकडे बघितलं. मी मास्टरजींकडे बघितलं.

"गलती से," ती म्हणाली.

"गलती तो इधर-उधर भटकती है. ये तो हर बार एक ही जगह आकर बैठती है. ये रियाज़ की हुई गलती है. किसने सिखाया?"

ती खाली बघून तार छेडायची नखी बोटात फिरवत राहिली. आणि मी काय केलं? मी मास्टरजींकडे बघून खेदाने मान हलवली. आजकालची मुलं, या अर्थी. परत येताना स्कूटरवर (बसपेक्षा हवालदार परवडला होता) प्रत्येक सिग्नलला मी तिला एकेक व्याख्यान दिलं. घरी एवढं बरोबर वाजवतेस आणि इथे येऊन काय होतं तुला? लक्ष कुठे असतं? पोरगी मागे सतार कवटाळून. अजमेरी गेटच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या बाई मला म्हणाल्या, "भाईसाहब, बच्ची है, छोड़ो भी." मी त्यांनाही दोन शब्द सुनावले. घरी आल्यावर मी रियाजाचा वेळ वाढवला आणि समेवरच्या माझ्या दोन्ही टाळ्या आणखी ठणठणीत केल्या, म्हणजे पुन्हा गोंधळ नको.

गणपती जवळ आले. जयपुरातल्या मराठी माणसांचं एक मंडळ आहे. वर्षभर आम्ही एकमेकांना भाजीबाजारातही ओळख देत नाही, पण गणपतीत सगळे भाऊबंद. मुलांचा कार्यक्रम असतो. मी ऑफिसात, गल्लीत, बार्शीला फोनवर, सगळीकडे सांगून मोकळा झालो की यंदा भार्गवी सतार वाजवणार. भार्गवीला सांगायचं तेवढं राहिलं.

मंडळाचे सचिव आनंदराव, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, कोल्हापूरचे. त्यांनी भार्गवीचं नाव लिहून घेता घेता पेन थांबवलं.

"वाद्यवादन? जमायचं नाही, वसंतराव. एका गटात तीन स्पर्धक पाहिजेत. तुमची एकटी पोरगी. गट रद्द."

"अहो, पण एकटी असली तरी वाजवणार तर आहे ना?"

"नियम म्हणजे नियम. नाच, नाट्यछटा, वेशभूषा. यात बोला."

"सतार यातल्या कशात बसते?"

आनंदरावांनी छताकडे बघून विचार केला. "वेशभूषेत बसवूया. सरस्वती करा तिला. डोक्यावर मुकुट, हातात वाद्य. आता मुकुट घालून ती वाजवते की नुसती धरून बसते, यात आम्ही पडत नाही."

"आणि तबल्याला मास्टरजी त्यांचा माणूस पाठवणार आहेत."

"बाहेरचा कलाकार? त्याला कार्यकारिणीचा ठराव लागेल."

"मग करा ठराव."

"बैठक विसर्जनानंतर आहे."

मी उठून उभा राहिलो. मला वाटतं, सीमेवरसुद्धा आनंदराव शत्रूला गोळी घालण्याआधी ठराव मागत असतील. मी म्हणालो, "ठेवा तुमचा तबला. ताल मी देतो. बाप आहे मी तिचा."

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मला वाटलं शालिनी हसेल. ती हसली नाही. भार्गवी जेवता जेवता म्हणाली, "बाबा, तुम्ही स्टेजवर येणार? मतलब, माझ्या बाजूला?"

"मग? तुझ्या टाळ्या कोण देणार?"

तिने ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी तिचं पोट दुखायला लागलं. तिसऱ्या दिवशी बोट दुखायला लागलं. मग एका संध्याकाळी तिने सतार गवसणीत घातली, गवसणीची नाडी आवळून बांधली आणि कपाटामागे उभी करून ठेवली. "मला नको सतार," ती आईला म्हणाली. "मला पूरी सोडायची आहे. गणपतीनंतर तर बिलकुल नको."

मी चिडलो. आळस, आजकालची पिढी, टीव्ही, सगळं बोललो. शालिनी मधेच म्हणाली, "अहो, तिला एकदा विचारा ना, का नको."

"विचारायचं काय त्यात? स्टेजची भीती वाटते. एकदा चढली की जाईल."

मी विचारलं नाही. विम्याच्या दाव्यात मी माणसाला दहा प्रश्न विचारतो. घरात एकही विचारला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी नवा झब्बा घातला. शालिनीने पुठ्ठ्याला सोनेरी कागद लावून मुकुट केला होता. तो भार्गवीला मोठा झाला आणि तिच्या कपाळावरून सारखा भुवईवर उतरत राहिला. आधी दहा पोरांचं कोळीनृत्य झालं. त्यात एक कोळी रडला आणि त्याला त्याच्या आईने स्टेजवरून उचलून नेलं. मग निवेदिका सुनेत्राबाई माईकवर आल्या. "आणि आता वेशभूषेत, साक्षात सरस्वती, कुमारी भार्गवी! आणि त्यांच्यासोबत..." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझा वेश कसला हे त्यांना ठरवता येईना. "...सोबत त्यांचे वडील."

पहिल्या रांगेतले एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "सरस्वतीला वीणा असते. ही सतार आहे." मी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांच्या सूनबाईंनी त्यांना पाणी दिलं.

आम्ही बसलो. सतारीजवळ माईक खाली केला. मी बाह्या सारल्या, हात वर केले आणि पहिली टाळी दिली. भार्गवीने सुरू केलं. गोड सुरू केलं. हॉल गप्प झाला. आवर्तन पुरं होत आलं, माझ्या आवक टाळीसाठी हात वर गेला, आणि पोरगी थांबली.

मी मान हलवून धीर दिला. पुन्हा सुरू. पुन्हा तेवढीच गेली, माझे हात वर गेले, पुन्हा थांबली. मागून कुणीतरी हळूच हसलं. आनंदराव पडद्याआडून मनगटावरचं घड्याळ दाखवायला लागले. मी दात आवळून पुटपुटलो, "वाजव ना! येतंय तुला!"

तिने मुकुट वर सारला. डोळे भरले होते. माईक तिच्या हनुवटीखाली होता याचं तिला भान नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

"बाबा, मला दोन येतात," ती म्हणाली. "एक गुरुजींचं आणि एक तुमचं. घरी मी तुमचं वाजवते, कारण नाही तर तुम्हाला राग येतो. तिकडे गुरुजींचं वाजवते. आज गुरुजींचं वाजवू? पण तुमचा हात दिसला ना की मग तुमचं येतं." तिने मुकुट पुन्हा वर सारला. "तुम्ही बाहेर थांबता का? प्लीज. मला आज चुकायचं नाहीये."

सगळा हॉल हे ऐकत होता. बार्शीलाही हे फोनवरून कळणारच होतं. हसू आधी मागच्या रांगांतून आलं, मग मधून, आणि मग पहिल्या रांगेतले वीणावाले आजोबाही हसले. मला काय काय वाटलं ते लिहीत बसत नाही. एवढंच सांगतो, की नव्या झब्ब्यात मांडी घालून बसलेल्या माणसाला झटकन उठता येत नाही. झब्ब्याचं टोक पायाखाली सापडलं. मी एकदा अर्धा उठलो, परत बसलो, मग सतारीला धक्का लागू नये म्हणून चार पायांवर मागे सरकत स्टेजच्या कडेला आलो आणि उतरलो. मधल्या वाटेने चालताना शालिनी दिसली. ती हसत नव्हती. तिने पाय आत घेऊन मला वाट दिली, बस.

बाहेर दारापाशी चपलांचा ढीग पडला होता. मी तिथे उभा राहिलो. कानांतून वाफा येत होत्या. आनंदरावांना काय सुनावायचं, सुनेत्राबाईंना काय सुनावायचं, सगळ्या जगाला काय सुनावायचं, त्याची मनातल्या मनात जुळवाजुळव चालू होती. आतून सतार सुरू झाली.

मी हात मागे बांधले. ती निघाली, फिरली, परत आली. आणि येता येता, न थांबता, पुढे गेली. मध्ये काही नव्हतंच. मी एवढे महिने ज्या जागेवर दोन शिक्के मारत होतो, ती जागाच नव्हती तिथे. एक उंबरठा होता आणि पोरगी त्यावरून पळत येत होती आणि पळत जात होती. मागच्या रांगांमधलं हसू कधीच थांबलं होतं.

तेवढ्यात फाटकापाशी गाडी थांबली. लष्करी छावणीतले कुणी कर्नल असावेत, सोबत पत्नी, उशीर झालेला, दोघंही घाईत. कर्नलसाहेबांनी बूट काढले, आजूबाजूला जागा नव्हती, माझ्याकडे बघितलं आणि ते सरळ माझ्या हातात दिले.

"भैया, ज़रा सँभालना."

बाईंनी त्यावर आपले सँडल ठेवले.

एरवी मी तिथेच त्यांना माझं पद, माझी कंपनी आणि माझा स्वभाव, तिन्ही सांगितले असते. तोंड उघडलंही होतं. आत द्रुत लय सुरू झाली होती.

"कौन बजा रहा है?" साहेबांनी दारातच थबकून विचारलं.

"पारीक मास्टरजी की शागिर्द है," मी म्हणालो. "धीरे जाइए. दरवाज़ा मत मारिएगा."

ते चवड्यांवर आत गेले. बूट जड होते, एकात मोजा तसाच राहिला होता. खाली ठेवायला हवे होते. पण खाली फरशी होती आणि बुटांना नाल होती. ठेवले असते तर आवाज झाला असता. म्हणून दोन्ही हात भरलेले तसेच धरून मी शेवटपर्यंत उभा राहिलो.